तापाची एक गोळी

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. इशाची नमाज आटोपून मी शाळेच्या वह्या तपासायला बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. आमच्याच मोहल्ल्यातली एक भगिनी बोलत होती. सासूबाईंना घेऊन ती दुसऱ्या दिवशी पहाटे उमराहसाठी निघणार होती. बॅगा बांधून तयार होत्या, निरोप द्यायला आलेल्या पाहुण्यांनी घर भरले होते. पण तिचा आवाज दबका होता.

"आपा, सासूबाईंना दुपारपासून ताप आहे. खोकलाही आहे. नंदोई म्हणतात, निघायच्या आधी तापाची एक गोळी द्या, विमानतळावर कुणाला काही कळणार नाही. देऊ का?"

मी डॉक्टर नाही. उर्दू शाळेत मुलांना मराठी शिकवते. तरी तिने मलाच विचारले, कारण २०२० साली आमच्या घरी काय घडले ते मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे अर्धे ठाऊक आहे. उरलेले अर्धे मी आजवर कुणाला सांगितले नव्हते. ते इथे लिहीत आहे.

२०२० च्या फेब्रुवारीत अम्मी शारजाला माझ्या भावाकडे गेली होती. वहिनीचे बाळंतपण होते. अब्बा गावीच राहिले. "तुझ्या अम्मीशिवाय दोन महिने काढीन, पण आंब्याच्या दिवसांत बाग सोडणार नाही," असे ते हसून म्हणाले होते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आंतरराष्ट्रीय विमाने बंद झाली आणि दोन महिन्यांचे पाच झाले. मधल्या काळात ३ जूनला निसर्ग वादळ आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर आले. कौले उडाली, बागा आडव्या झाल्या, कित्येक दिवस वीज नव्हती. फोन लागायचा तो टेकडीवर गेल्यावरच. अब्बांची बाग गेली आणि त्यानंतर अब्बाही खचत गेले. जुलैच्या सुरुवातीला हृदयाचा त्रास वाढला. त्यांना पनवेलच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "घरच्यांना बोलावून घ्या."

मे महिन्यापासून वंदे भारत योजनेची विमाने सुरू झाली होती. आखातात अडकलेल्यांनी वकिलातीकडे नाव नोंदवायचे. गरोदर स्त्रिया, आजारी माणसे, वृद्ध, नोकरी गेलेले कामगार यांना आधी जागा. भावाने अम्मीचे नाव नोंदवले होते. अब्बांच्या आजाराचे कागद पाठवल्यावर १८ जुलैची जागा मिळाली. नियम स्पष्ट होते. ज्याला ताप, खोकला वा दुसरी लक्षणे नाहीत त्यालाच विमानात चढता येईल. मुंबईत उतरल्यावर सात दिवस स्वखर्चाने विलगीकरणात आणि पुढचे सात दिवस घरी वेगळे राहायचे, असे हमीपत्र लिहून द्यायचे. घरात मृत्यू किंवा गंभीर आजार असेल तर पहिल्या सात दिवसांची सवलत मागता येत असे. भावाने तेही कागद जमवले होते.

१७ जुलैच्या रात्री भावाचा फोन आला. अम्मीला ताप होता. शंभराच्या थोडा वर. घसाही दुखत होता.

"बाजी, काय करू? एक गोळी दिली तर सकाळपर्यंत उतरेल. दारात फक्त कपाळासमोर यंत्र धरतात."

मी रुग्णालयाच्या जिन्यात उभी होते. वरच्या मजल्यावर अब्बा होते. रोज दुपारी ते विचारायचे, "ती निघाली का?" मी क्षणभरही विचार केला नाही. म्हणाले, "दे. दोन दे. कशीही करून तिला विमानात बसव."

वर्गात मुलांना खरे बोलायला शिकवणारी, कोरोनाच्या काळात गल्लीतल्या बायकांना मास्क नाकावर घ्या म्हणून टोकणारी मी हे बोलले. आणि ते मनापासून बोलले.

गोळी घेतली नाही ती अम्मीने. भावाने फोन तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "बेटी, यंत्राला फसवीन. माझ्या शेजारी बसेल तिचे काय? तीसुद्धा कुणाचा तरी चेहरा बघायला घरी चालली असेल."

मी रडले, भांडले. म्हणाले, "अम्मी, अब्बा वाट बघताहेत." ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने तिच्या दादांची आठवण काढली. ते मुंबईहून जहाजाने हजला गेले होते. त्या काळी हिंदुस्थानातून जाणाऱ्या हाजींना जिद्दाला पोहोचण्याआधी तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर उतरवत. तिथे तपासणी व्हायची, अंगावरचे कपडे वाफेच्या यंत्रातून काढायचे, काही दिवस थांबावे लागायचे. "मक्का इतक्या जवळ आलेली आणि तरी दादा थांबले," ती म्हणाली. "हजला जाणारा थांबू शकतो, तर मी का नाही?"

१८ तारखेचे विमान तिच्याविना गेले. १९ तारखेला तिची तपासणी झाली, २० ला अहवाल आला. कोरोना नव्हता. साधा घशाचा ताप होता. पुढची जागा २७ जुलैची मिळाली. २३ जुलैला, जिल्हज्जच्या पहिल्या तारखेला, अब्बा अल्लाहला प्यारे झाले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

मय्यत गावी आणली. दफनविधीला वीसच माणसांची परवानगी होती. ज्या माणसाने गावातला एकही जनाजा चुकवला नव्हता, त्याच्यामागे मोजकी माणसे चालली. त्याआधी अंगणात मी फोन अब्बांच्या चेहऱ्यासमोर धरला होता. पलीकडे अम्मी होती. चित्र मध्येच अडकायचे, मग पुन्हा हलायचे. ती काही बोलली नाही. शेवटी फक्त, "कफन नीट करा, कपाळावर सुरकुती आली आहे," एवढेच म्हणाली.

मोहल्ल्याला ठाऊक आहे ते एवढेच, की अम्मीला ताप आला म्हणून तिला येता आले नाही. गोळी द्यायला मी सांगितले होते आणि तिने नाकारले, हे ठाऊक नाही. अहवाल स्वच्छ आला हेही फारसे कुणाला सांगितले नाही. कारण ते ऐकले की लोक हळहळतात, "अरेरे, मग उगाचच थांबली की!"

उगाचच? हा प्रश्न मलाही कित्येक महिने छळत होता. अम्मीवर मनातून राग होता, हे लपवत नाही. पण हळूहळू एक गोष्ट कळली. १७ जुलैच्या रात्री आमच्यापैकी कुणालाही तो ताप कसला आहे ते ठाऊक नव्हते. निर्णय त्या रात्री घ्यायचा होता, २० तारखेचा अहवाल हातात घेऊन नव्हे. तिच्यासारख्याच तापाच्या दहा माणसांनी त्या रात्री दहा गोळ्या घेतल्या असत्या, तर त्यांतला कोण निर्दोष आणि कोण आजार घेऊन चाललेला, हे विमानाला कळले नसते. तीन-साडेतीन तास शेजारी बसणाऱ्याला तर नाहीच.

विमानतळावरचे ते यंत्र काय करते, हे मी नंतर समजून घेतले. ते कातडीची उष्णता मोजते, आजार मोजत नाही. संसर्ग झालेल्या अनेकांना ताप येतच नाही. ते सहज निघून जातात. तापाची गोळी चार-सहा तास ताप खाली ठेवते, पण खोकल्यातून, बोलण्यातून बाहेर पडणारे विषाणू थांबवत नाही. म्हणजे गोळी घेतलेला माणूस बरा झालेला नसतो, फक्त दिसेनासा झालेला असतो. सगळी यंत्रे, सगळे अर्ज शेवटी एकाच गोष्टीवर उभे असतात: प्रवाशाने स्वतःबद्दल खरे सांगितले का? आपल्या दीनच्या भाषेत तिला अमानत म्हणतात.

साथीच्या प्रदेशात जाऊ नये आणि आपण असू तिथे साथ आली तर पळून बाहेर पडू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण सगळ्यांनी ऐकली आहे. शामकडे निघालेले हजरत उमर (रजि.) सरग इथे पोहोचले, तेव्हा पुढे प्लेग असल्याचे कळले. त्यांनी मागे फिरायचे ठरवले. अल्लाहने लिहिलेल्या नशिबापासून पळता का, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. एका तकदीरीकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरीकडे जात आहोत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. मग हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी येऊन ती हदीस सांगितली आणि निर्णयावर शिक्कामोर्तब झाले. पहिला अर्धा भाग स्वतःला वाचवण्याचा आहे, दुसरा अर्धा इतरांना वाचवण्याचा. आपण बहुधा पहिलाच लक्षात ठेवतो.

अम्मीने इद्दत शारजालाच पाळली. जुलैच्या अखेरीस तिने तिथल्या टीव्हीवर हज पाहिला. जिथे दरवर्षी लाखो लोक असतात, तिथे त्या वर्षी देशातच राहणारे सुमारे हजारभर लोक होते, तेही अंतर राखून. फोनवर ती म्हणाली, "अल्लाहने स्वतःच्या घराचे पाहुणेसुद्धा थांबवले, बघ." त्या दिवशी माझा राग थोडा उतरला.

डिसेंबरच्या मध्यावर ती परत आली. तोपर्यंत नियम बदलले होते. निघण्याआधी ठरलेल्या तासांत केलेल्या आरटी-पीसीआर तपासणीचा अहवाल आणि स्वतःच्या प्रकृतीची माहिती भरलेला अर्ज आधीच पाठवायचा होता. या वेळी आम्ही तिच्या प्रवासाची तयारी परीक्षेसारखी केली. त्यातल्या बहुतेक गोष्टी आजही, साथ नसतानाही, घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन उमराहला किंवा आखातात जाणाऱ्यांच्या कामाच्या आहेत. म्हणून सांगते.

लोक विमानाच्या हवेला घाबरतात. खरे तर उडत्या विमानातली हवा ताशी वीस ते तीस वेळा बदलते. साधारण निम्मी हवा बाहेरची असते आणि उरलेली हेपा नावाच्या गाळणीतून जाते. ही गाळणी सूक्ष्म कणांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त अडवते. हवा वरून खाली, पायांकडे वाहते. पुढच्या रांगेतून मागच्या रांगेकडे फारशी जात नाही. धोका असतो तो अगदी जवळ बसलेल्या खोकणाऱ्या माणसाचा. आणि त्याहूनही जास्त विमानाबाहेरचा: तपासणीच्या रांगा, विमानापर्यंत नेणारी बस, दार उघडण्याआधी एकमेकांना खेटून उभे राहणारे प्रवासी. म्हणून मास्क फक्त खुर्चीत बसल्यावर लावून उपयोग नाही. विमानतळाच्या दारापासून ते आपल्या गाडीत बसेपर्यंत तो हवा, आणि नाकावर हवा.

अम्मीसाठी आम्ही खिडकीची जागा घेतली. तिथून ये-जा करणाऱ्यांचा संबंध कमी येतो. डोक्यावरचा हवेचा झोत सुरू ठेवायला सांगितले. वृद्ध माणसे थंडी वाजते म्हणून तो बंद करतात, त्यापेक्षा शाल घ्यावी. ती घरूनच जेवून निघाली. सगळे एकदम मास्क काढून जेवतात ती वेळ टाळायची आणि शेजाऱ्याचे आटोपले की मग आपण दोन घास खायचे, असे ठरले होते. पाणी मात्र टाळायचे नाही. शौचालयाला जावे लागेल म्हणून आपल्या बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत. विमानातली हवा फार कोरडी असते, त्यात तासन्‌तास एका जागी बसणे. पायातले रक्त साकळण्याचा धोका असतो. घोटे फिरवावेत, टाचा उचलाव्यात, जमेल तेव्हा उठून चार पावले चालावे. बीपीच्या, साखरेच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवावी, मोठ्या बॅगेत नव्हे. चाकाच्या खुर्चीची सोय आधीच सांगून ठेवावी. म्हणजे रांगेत तासभर उभे राहावे लागत नाही. हाताला जंतुनाशक लावूनच खजूर किंवा बिस्कीट तोंडात घालावे.

आणि निरोप! हजला, उमराहला जाणाऱ्याला सोडायला आपल्याकडे दोन-दोन गाड्या भरून माणसे जातात. हार, मुसाफहा, गळाभेटी, लहान मुलांचे पापे. परत आल्यावर आबे जमजम आणि खजूर घ्यायला तीच गर्दी. यामागचे प्रेम मोठे आहे. पण साठी ओलांडलेल्या माणसाला प्रवासाच्या आदल्या दिवशी शंभर जणांनी मिठी मारावी, यात त्याचे भले नाही. आणि प्रवासातून थकून, खोकत आलेल्या हाजीने दुसऱ्याच दिवशी मोहल्ल्यातल्या नवजात बाळांच्या कपाळाला ओठ लावावेत, यात बाळाचेही नाही. सलाम लांबूनही पोहोचतो. चार दिवस थांबून भेटलेले काही कमी होत नाही.

अम्मी आली तेव्हा आम्ही तेच केले. भाड्याच्या गाडीच्या काचा उघड्या ठेवून ती एकटी मागे बसून आली. अहवाल स्वच्छ असला तरी ती मागच्या खोलीत वेगळी राहिली. मी ओट्यावर उभी आणि ती उंबऱ्याच्या आत. पाच महिन्यांपूर्वी बाप गेलेली मुलगी आणि नवरा गेलेली आई, मध्ये सहा-सात हात अंतर. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बारीक झालीस." मुदत संपल्यावर मी तिला मिठी मारली. त्यानंतर ती कबरस्तानाच्या वाटेपर्यंत गेली आणि बाहेरूनच दुआ करून परतली.

आता त्या रात्रीच्या फोनकडे परत येते. तिला मी सांगितले, "गोळी दे, ताप उतरवायला दे, लपवायला देऊ नकोस. आत्ता डॉक्टरांना दाखव. एजंटला रात्रीच फोन करून खरे काय ते सांग. तारीख पुढे ढकलता येते का विचार." ती म्हणाली, "पैसे कापतील." मी म्हणाले, "कापतील." ती म्हणाली, "लोक काय म्हणतील? सासूबाईंची आयुष्यभराची इच्छा आहे. अल्लाहवर भरवसा ठेवून निघालो तर?" मी म्हणाले, "उंट बांधूनच भरवसा ठेवायला शिकवलेय आपल्याला."

डॉक्टरांनी छातीत कफ असल्याचे सांगितले आणि प्रवासाला मनाई केली. एजंटने काही रक्कम कापून पुढची तारीख दिली. दीड महिन्याने त्या दोघी उमराह करून आल्या, अलहम्दुलिल्लाह. सासूबाई मात्र अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. भरल्या घरातून पाहुणे परत गेले, त्याचा राग आहे. तो मला समजतो. मीही कुणावर तरी असाच रागावले होते.

म्हणून निघण्याआधी प्रत्येक घराने काही गोष्टी ठरवून ठेवाव्यात. उमराहसाठी मेंदूज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. फ्लूची लसही वडीलधाऱ्यांना द्यावी का, हे त्याच वेळी डॉक्टरांना विचारून घ्यावे. तिकीट घेतानाच विचारावे, आजारपण आले तर तारीख बदलता येईल का, किती पैसे कापले जातील, प्रवासविम्यात काय धरले आहे. लेखी घ्यावे. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, ताप आला तर निघायचे नाही, हे घर शांत असताना ठरवावे. बॅगा दारात आल्यावर, पाहुणे बसले असताना, ते ठरवता येत नाही. जिन्यात उभे राहून तर मुळीच नाही. हे मी अनुभवाने सांगते.

त्या रात्री फोन ठेवला तेव्हा अम्मी पलीकडच्या खाटेवर तसबीह घेऊन बसली होती. तिने सगळे ऐकले होते. मी धीर करून साडेचार वर्षांत प्रथमच विचारले, "अम्मी, त्या रात्री गोळी घेतली नाहीस, त्याचा पस्तावा होतो?"

तिने तसबीहचे मणी थांबवले नाहीत. "तुझे अब्बा दिसले नाहीत, त्याचे दुःख आहे," ती म्हणाली. "रोज आहे. पस्तावा वेगळा असतो."